नेट बदलावे की नाही? घरच्या ब्रॉडबँडचा हिशेब

मोबाईलची कंपनी बदलणे आता काही विशेष राहिलेले नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली. १९०० वर एक एसएमएस टाकला की नंबर तोच राहतो आणि कंपनी बदलते. नाही जमले तर नव्वद दिवसांनी पुन्हा बदला! घरच्या ब्रॉडबँडला मात्र अशी सोय नाही. तिथे कंपनी बदलायची म्हणजे भिंतीला नवीन भोक, नवीन वायर, नवीन डबा, नवीन डिपॉझिट आणि वर जुन्याचे काय करायचे हा प्रश्न. म्हणून घराघरांत दोनच पक्ष दिसतात. एक, "चालू आहे ना, मग राहू द्या" म्हणणारा. दुसरा, फाटकावर आलेल्या सेल्समनने "दोनशे एमबीपीएस" म्हटले की आधार कार्डाची झेरॉक्स काढायला धावणारा.

आमच्या घरी, यवतमाळला वाघापूरकडे, गेल्या उन्हाळ्यात हे दोन्ही पक्ष एकाच वेळी हजर होते. प्रश्न करमणुकीचा असता तर मी त्यात पडलोही नसतो. पण ताई पुण्याच्या एका कंपनीचे काम घरून करते आणि तिच्या मॅनेजरने स्पष्ट सांगितले होते की मीटिंगमध्ये आवाज तुटण्याच्या तक्रारी अशाच येत राहिल्या तर पुण्याला येऊन बसावे लागेल. पुण्याला जायचे म्हणजे खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च आलाच. त्यात दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरलेले, तेव्हा ताई घरी असणे गरजेचे. आई म्हणाली, "बदलून टाका ना बाप्पा एकदाचं." बाबा म्हणाले, "नवीनवाला काही वेगळा निघत नसते." दोघांकडेही पुरावा नव्हता. मी इलेक्ट्रॉनिक्सला असल्यामुळे पुरावा गोळा करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. त्या महिन्याभरात जे कळले ते आपल्या अभ्यासक्रमाशी इतके जुळणारे निघाले की ते इथे लिहावेसे वाटले. (दोन्ही कंपन्यांची नावे मुद्दामच देत नाही. एका गल्लीत वाईट असलेली कंपनी दुसऱ्या गल्लीत उत्तम चालते, हे पुढे कळेलच.)

जाहिरातीतला आकडा

आधी स्पीडविषयी. वर्ष २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात आपल्या देशात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने डेटावन सुरू केले तेव्हा ५६ केबीपीएसच्या डायल-अप मोडेमची किर्रर ऐकलेल्या लोकांना तो स्पीड म्हणजे चमत्कार वाटला. २०१३ मध्ये ती किमान मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. आज मात्र गल्लीतले पोरगेही शंभरच्या खाली बोलत नाही.

हे शंभर म्हणजे शंभर मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठाने भागले की १२.५ मेगाबाइट दर सेकंदाला. एक जीबीची फाईल सगळे सुरळीत असेल तर साधारण ८० सेकंदांत उतरते. आणि हा आकडा खाली येणाऱ्या डेटाचा आहे. वर जाणाऱ्याचा आकडा पत्रकावर बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. आमच्या जुन्या प्लॅनमध्ये खाली १०० आणि वर २० होते. ताईच्या व्हिडिओ कॉलला दोन्हीकडे मिळून फार तर २ ते ४ एमबीपीएस पुरतात. म्हणजे स्पीड तिच्या गरजेच्या कितीतरी पट होता, तरी कॉल तुटत होता. तेव्हा दोनशेच्या प्लॅनने काय फरक पडणार होता?

आणखी एक गोष्ट. बहुतेक घरगुती फायबर आज जीपॉन या पद्धतीचे असते. एक्स्चेंजमधून एक फायबर निघतो, वाटेत काचेचा स्प्लिटर त्याचे ३२ किंवा ६४ भाग करतो, आणि एकेक भाग एकेका घरात जातो. खाली येणारा एकूण वेग २४८८ एमबीपीएस आणि वर जाणारा १२४४. बत्तीस घरांनी एकाच क्षणी सगळा वेग ओढायचा म्हटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ च्या आसपास येतात. सगळे एकदम ओढत नाहीत म्हणून शंभर आणि दोनशेचे प्लॅन विकता येतात. यात फसवणूक नाही. एसटीच्या पासचाही हिशेब असाच असतो, सगळे पासवाले एकाच गाडीत चढत नाहीत. पण त्यामुळे आपल्या स्प्लिटरवर किती घरे आहेत हे पत्रकातल्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे ठरते, आणि ते कोणत्याच पत्रकात नसते.

दोष नेमका कुठे?

आई दुधाचा हिशेब कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते. त्याच्याच खाली मी नेटचा हिशेब लिहायला लागलो. ताईने "गेलं!" म्हटले की वेळ टिपायची, ओएनटीच्या डब्यावरचे दिवे पाहायचे आणि लगेच पिंग करायचे, आधी राउटरला, मग बाहेर. राउटरचेच उत्तर अडखळत आले तर दोष घरात. राउटर ठीक आणि बाहेरचे बंद, तर दोष बाहेर. 'एलओएस'चा लाल दिवा लागला तर प्रकाशच येत नाही, म्हणजे फायबर कुठेतरी तुटला किंवा फार वाकला.

महिन्याभरात ताई ११ वेळा "गेलं" म्हणाली. त्यांपैकी लाइन खरोखर बंद होती फक्त ४ वेळा! उरलेल्या ७ वेळा बाहेरचे सगळे शाबूत होते.

त्या सातांचे कारण शोधताना कंपनीचा संबंधच आला नाही. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, ताईची खोली गच्चीला लागून आणि मध्ये गोदरेजचे लोखंडी कपाट. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी जाते, पण तिथे शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर, पण ती लहर भिंतीला दमते. लोखंडी कपाटासमोर दोघीही सारख्याच. शेवटी दुकानातून लॅनची केबल आणून थेट तिच्या टेबलापर्यंत नेली.

दुसरे कारण जास्त मजेचे होते. रिकाम्या लाइनवर पिंग ३० मिलिसेकंद यायचा. बाबांच्या फोनमधले लग्नाचे फोटो आपोआप वर चढायला लागले की तोच ४०० च्या पुढे जायचा. वर जाणारे २० एमबीपीएस फोटोंनी भरले की राउटर बाकीच्यांना रांगेत उभे करतो आणि ताईचा आवाज त्या रांगेत अडकतो. स्पीड टेस्ट केली तर आकडा चांगलाच दिसतो, कारण ती टेस्ट रांगेची लांबी मोजत नाही. यवतमाळहून मुंबई सुमारे ७०० किलोमीटर धरली आणि काचेतला प्रकाशाचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटर, तर जाऊन यायला ७ मिलिसेकंद पुरतात. बाकीचा सगळा वेळ वळणांचा आणि रांगांचा. फोटोंचा बॅकअप रात्री दोनला लावून दिला, आणि पुढच्या दोन आठवड्यांत लाइन चालू असताना कॉल अडकण्याचा प्रकार एकदाच घडला.

इथेच थांबलो असतो तर बाबांचा पक्ष जिंकला असता. पण चार वेळा लाइन खरोखर गेली होती, त्याचे काय?

किती वेळा तुटते, किती वेळात जुळते

रिलायबिलिटीच्या युनिटमधले उपलब्धतेचे सूत्र आठवते का? दोन बिघाडांमधला सरासरी चालू काळ, भागिले तो काळ अधिक दुरुस्तीचा सरासरी काळ. आमच्या जुन्या लाइनचे ३० दिवस म्हणजे ७२० तास. चार वेळा बंद, एकूण २४ तास. दुरुस्तीचा सरासरी काळ ६ तास, चालू काळ १७४ तास, उपलब्धता ९६.६७ टक्के.

नवीन कंपनीचे कनेक्शन दोन गल्ल्या पलीकडच्या एका काकूंकडे होते. त्यांचा मुलगा बारावीला आहे. त्याला त्याच महिन्याची नोंद ठेवायला सांगितली होती. त्याच्याकडे लाइन सहा वेळा गेली, पण दर वेळी तासाभरात आली. चालू काळ ११९ तास, दुरुस्ती १ तास, उपलब्धता ९९.१७ टक्के. काकूंना विचारले तर त्या म्हणतात, "लई वेळा जाते जी आमचं!" आणि त्यांचे खरे आहे. आमचे कमी वेळा जात होते, तरी महिन्यात बंद राहिलेला वेळ त्यांच्या चौपट. माणूस किती वेळा गेले ते लक्षात ठेवतो, किती वेळ गेले ते विसरतो.

पण थांबा, नवीन कंपनीचा विजय एवढ्यात जाहीर करू नका. आमच्या २४ तासांतले १७ तास एकाच बिघाडाचे होते, संध्याकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा. ताईचे काम दहा ते सात. म्हणजे त्या १७ तासांतले तिचे फक्त दोन तास गेले, बाकी रात्र होती. उरलेल्या तीन बिघाडांचे ७ तास मात्र भर कामाच्या वेळेतले. एकूण ९ तास. काकूंकडच्या सहांपैकी पाच बिघाड दिवसाचे, म्हणजे ५ तास. ९ विरुद्ध ५. आता फरक तेवढा राहिला नाही. आणि मॅनेजर तर तास मोजतच नाही, तो कॉल किती वेळा तुटला ते मोजतो. त्या हिशेबाने जुनी लाइन ४ आणि नवीन ५. म्हणजे जुनीच बरी!

माझ्या मते घरातला वाद बहुधा असाच असतो. दोघेही बरोबर असतात, फक्त मोजायचे माप वेगळे असते.

दोन कंपन्या, एक खांब

मग दोन्ही लाइनी ठेवल्या तर? सूत्र सांगते की दोन स्वतंत्र लाइनी एकाच वेळी बंद असण्याची शक्यता म्हणजे दोन्ही शक्यतांचा गुणाकार. ०.०३३३ गुणिले ०.००८३३, म्हणजे महिन्याला जेमतेम १२ मिनिटे. वाचायला फारच छान वाटते. पण या सगळ्याचा भार 'स्वतंत्र' या एका शब्दावर आहे.

एका रविवारी सकाळी मी घरापासून चौकापर्यंत वर बघत चालत गेलो. (लोक वेड्यासारखे पाहत होते, ते सोडा.) जुन्या कंपनीचा काळा फायबर आणि नव्या कंपनीचा काळा फायबर एकाच ओळीतल्या खांबांवर, एकमेकांना बांधलेले. वर कडुनिंबाची तीच फांदी. चौकात पोचल्यावर एक डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे. खाली उभ्या असलेल्या लाइनमनला विचारले तर तो हसला. "भाऊ, खांब तं एकच हाये. दोघायच्या वायरी तिथूनच जातीन ना."

याला आपण कॉमन कॉज फेल्युअर म्हणतो. आमच्या चार बिघाडांतला एक, दोन तासांचा, त्याच फांदीने झाला होता. असा बिघाड महिन्यात एकदा धरला तर दोन लाइनी घेऊनही १२ मिनिटांचे दोन तास होतात. यवतमाळात हे काही नवीन नाही. बेंबळा धरणाचे पाणी शहरात आणायला अमृत योजनेची पाइपलाइन टाकताना रस्ते खणले, नागपूर ते तुळजापूर महामार्ग रुंद झाला, तेव्हा जेसीबीला कोणत्या कंपनीची केबल आहे हे कळत नव्हते. विजेचेही तसेच. एक्स्चेंजपासून घरापर्यंत जीपॉनला वाटेत वीज लागत नाही ही त्याची मोठी खुबी, पण घरातल्या डब्याला लागते. वादळात लाइट गेली की दोन्ही डबे एकदमच मरतात. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर निदान तेवढे हवेत, एवढे पाहून घ्यावे. आम्ही १२ व्होल्टचा घेतला. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी खर्च तोच झाला.

खांबावर अवलंबून नसलेली वाट घरात आधीच होती, ताईच्या मोबाईलचा हॉटस्पॉट. टॉवर वेगळा, वाट वेगळी. अडचण एवढीच की तासभर व्हिडिओ कॉल चालला की साधारण एक जीबी संपतो, आणि तिच्या रिचार्जमध्ये दिवसाला दोन जीबीच मिळतात. म्हणजे हॉटस्पॉट दीड ते दोन तासांची खिंड लढवू शकतो, अख्खा दिवस नाही.

हे लक्षात आले आणि गणित एकदम सुटले. बिघाड तासाभराचा असेल तर तो सहा वेळा झाला तरी हॉटस्पॉटवर निभावतो, मॅनेजरला पत्ताही लागत नाही. सहा तासांचा बिघाड एकदाच झाला तरी निभावत नाही. हॉटस्पॉट हाताशी धरल्यावर आमच्या घरापुरता एकच आकडा उरला, दुरुस्तीला लागणारा वेळ. तिथे नवीन कंपनी एक तासाची आणि जुनी सहा तासांची. काकूंच्या मुलाकडून कारणही कळले. नव्या कंपनीचा स्थानिक भागीदार त्याच भागात राहतो आणि स्प्लायसिंगचे मशीन त्याच्या घरी असते. आमच्या जुन्या लाइनचा माणूस चार भागांना मिळून एक. त्यात त्या माणसाचा दोष नाही, तो तरी कुठे कुठे पुरणार? २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलच्या ७८,५६९ कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिथेच काय आणि खासगी कंपन्यांत काय, शेवटच्या टप्प्याची देखभाल आज मोठ्या प्रमाणात कंत्राटदार आणि स्थानिक भागीदार पाहतात. म्हणून मोठ्या नावापेक्षा आपल्या वॉर्डात शिडी घेऊन येणारा माणूस कोण, हे आधी विचारावे.

सेल्समनला विचारायचे प्रश्न

पैशांचे पटकन सांगतो. पत्रकावरचे ४९९ म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. सहा महिन्यांचे एकदम भरले तर बसवण्याचे पैसे माफ, असे आमिष असते. बाबांना ते पटले होते. मी म्हटले, आधी महिन्याचेच घेऊ, थोडे महाग पडले तरी चालेल. आगाऊ भरलेले पैसे म्हणजे कंपनी बदलण्याचा आपला हक्क आपणच विकून टाकणे. सिनेमाच्या ॲपचे फुकट सबस्क्रिप्शन हिशेबात धरूच नये, ते आमच्या घरी कोणी उघडूनही पाहिले नाही.

बसवायला आलेल्या माणसाकडून प्रकाशाची पातळी मोजून घ्या, पॉवर मीटर त्याच्याकडे असतोच. १:३२ स्प्लिटरमध्येच आदर्श हिशेबाने १५ डेसिबल जातात, प्रत्यक्षात थोडे जास्त. नेहमीच्या बी प्लस वर्गातल्या जीपॉन ओएनटीला उणे २७ डीबीएमपर्यंत दिसते. आमच्याकडे नव्या लाइनला उणे २१ आले, छान. उणे २६ आले असते तर मी सही केली नसती, कारण खिडकीच्या चौकटीत वायर जरा वाकली किंवा एखादा सांधा खराब झाला की ते घर काठावरून खाली पडते.

नियमही माहीत असावेत. ट्रायचे सेवेच्या दर्जाविषयीचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांनुसार पैसे भरल्यापासून सात कामकाजी दिवसांत जोडणी सुरू व्हायला हवी, आणि बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भाड्यात सूट मिळायला हवी. मात्र त्यासाठी तक्रार नोंदलेली हवी आणि तिचा डॉकेट नंबर हवा. लाइनमनला थेट फोन करून "या ना भाऊ" म्हटले की काम लवकर होते हे खरे, पण कंपनीच्या दफ्तरी तो बिघाड झालेलाच नसतो. म्हणून दोन्ही करावे. तक्रारीचे समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

मृगापर्यंत

मे महिन्यात नवीन जोडणी घेतली. जुनी तोडली नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात कोणाचीही लाइन चालते. खरी परीक्षा मृगाच्या पहिल्या वादळात होते. फांद्या तुटतात, खांब कलतात, वीज पडते आणि अख्ख्या गावाच्या तक्रारी एकाच दिवशी येतात. एरवी तासाभरात येणारा माणूस त्या दिवशी किती वेळात येतो, ते पाहायचे होते. त्यासाठी दोन महिने दुहेरी बिल भरायची बाबांनी तयारी दाखवली, कुरकुरत का होईना.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते वादळ आले. कडुनिंबाची फांदी खाली आली आणि दोन्ही लाइनी एकाच क्षणी गेल्या, म्हणजे खांबाचे भाकीत खरे ठरले. नवी लाइन साडेतीन तासांत जुळली. तासाभराचा भरवसा वादळात टिकला नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे. हॉटस्पॉट दोन तासांत संपला, मग ताईने वीस रुपयांच्या आसपासचे डेटा रिचार्ज मारून दिवस काढला. जुनी लाइन तिसऱ्या दिवशी दुपारी आली.

जुलैमध्ये जुन्या कंपनीला लेखी अर्ज दिला. तोंडी सांगून किंवा डबा बंद करून कनेक्शन बंद होत नाही, बिल येतच राहते. ओएनटी परत करताना त्याच्या मागचा अनुक्रमांक पावतीवर लिहून घेतला आणि शेवटचे बिल शून्य झाल्याची प्रत मागितली. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "एवढं कोणी मागत नाही." आम्ही मागितली आणि मिळाली. डिपॉझिट यायचे होते तेवढे खात्यावर जमा झाले. ताई अजून घरीच काम करते. कॅलेंडरच्या चौकोनात आता पुन्हा फक्त दुधाचा हिशेब असतो. काकूंचा मुलगा मात्र नोंद ठेवतोच आहे, त्याला सवय लागली.